ती आत आहे ना

१

मी चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढे नाही, मागे. पुढे गिऱ्हाइकं आरशासमोर बसून फ्रेम लावून बघतात, आणि मागच्या खोलीत मी काचा घासून त्या फ्रेममध्ये बसवते. तेवीस वर्षं हेच काम. काच केसभर जास्त घासली गेली तर खुळखुळते, कमी घासली तर बसता बसत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून कुणी म्हणायला नको की बाईच्या नजरेतच खोट आहे. माझं पोट नजरेवर चालतं.

घरी आम्ही तिघं. आई, बाबा आणि मी. तिसऱ्या मजल्यावर दोन झोपायच्या खोल्या, रस्त्याकडे खिडकी असलेली बाहेरची खोली, आणि तिला लागून स्वयंपाकघर. मध्ये दार नाही, तपकिरी पट्ट्यांचा पडदा आहे. पहिल्याच धुण्यात आटला, त्यामुळे खाली वीतभर उघडं राहतं. बदलू बदलू म्हणत अकरा वर्षं झाली.

बाहेर चार खुर्च्या. त्यातली एक हातांची, खिडकीजवळची. ती बाळची. बाळ म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो जन्मला तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि त्या दिवसापासून आईबाबासुद्धा मला ताई म्हणायला लागले. त्याला बाळ. आता बाळला टक्कल पडलंय, कारखान्यात त्याच्या हाताखाली साठ माणसं आहेत, पण बाळ तो बाळच. दूर राहतो, वर्षातून दोनदा येतो. तो नसतानाही त्या खुर्चीत कुणी बसत नसे. तसा नियम नव्हता. बसत नसे, एवढंच.

आईबाबा वाईट नाहीत हो. मला कुणी मारलं नाही, शिक्षणाला नाही म्हटलं नाही. फरक होता तो बारीक. दुधावरची साय त्याची. आजारपणात त्याच्या कपाळावर हात, माझ्या उशाशी औषधाची बाटली. जेवताना मी सगळ्यांना विचारायची, "आणखी वाढू?" मला कुणी विचारायचं नाही, कारण वाढणारी मीच. मी नंतर आत ओट्याला टेकून उभ्याउभ्याच खायची. मला त्याचं वाईटही वाटत नसे. हे खरं सांगते. संध्याकाळी सहाला घरी यायचं, पिशवी खुंटीला लावायची आणि सरळ पडद्याआड जायचं. साडेसातला ताटं बाहेर. बाबा बसडेपोत वेळापत्रकं लावायचे, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी सात एकतीस झाले की घड्याळाकडे बघतात.

२

त्या मंगळवारी मी दार उघडून आत आले आणि आई म्हणाली, "आलास?"

मी चपला काढत होते. वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"दमलास ना रे? ये, बस."

पुष्कळ घरांत मुलींना लाडानं असं बोलतात, मला माहीत आहे. आमच्या दुकानदारकाकांच्या नातीला सगळे "अरे सोन्या" म्हणतात. पण आमच्या घरी माझ्या वाट्याला हा लाड कधी आला नव्हता, आणि एकेचाळिसाव्या वर्षी तो सुरू व्हायचं काही कारण नव्हतं. म्हटलं, चला, म्हातारपणी आईला उमाळा आलाय. बरं वाटलं. पिशवी लावली आणि पडद्याकडे निघाले.

"तू कुठे चाललास?" आई म्हणाली. "बस की. ती करतेय ना."

"ती कोण?"

आई हसली. लहान मुलानं मुद्दाम वेड्यासारखं विचारलं की हसतात ना, तशी. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि हातांची खुर्ची पायानंच माझ्याकडे सरकवली.

मी पडदा बाजूला करून आत पाहिलं. कुणी नव्हतं. शेगडी चालू होती, भाताला उकळी आली होती. विळी धुऊन उभी करून ठेवली होती. ओट्यावरचा फडका ओला होता आणि चार घड्या करून नळाच्या मानेवर टाकलेला होता. मी तसाच टाकते.

म्हणजे आईनं केलं, असं मी ठरवलं. गुडघ्यांमुळे आई तीन वर्षांत शेगडीपुढे उभी राहिली नव्हती, पण आज राहिली असेल, आणि केलेलं कबूल करायचं नसेल. हट्टी आहे ती. मी बाहेर आले आणि हातांच्या खुर्चीत बसले. पाठ टेकली.

काय सांगू तुम्हाला. त्या खुर्चीतून कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सगळा रस्ता दिसतो. एवढ्या वर्षांत मला माहीतच नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

मी घरी यायची, आई "आलास?" म्हणायची, मी खुर्चीत बसायची. आत नळ सुरू व्हायचा. आमचा नळ पाणी यायच्या आधी घोगरा हुंकार देतो, तो ऐकू यायचा. मग खण ढकलल्याचा आवाज. हात भरलेले असले की मी तो खण कमरेनं ढकलते, त्यामुळे तो एका दमात बंद होत नाही, दोनदा आपटतो. तो दोनदा आपटायचा.

आणि पळी. भाजी ढवळून झाली की मी पळी भांड्याच्या काठावर आपटते. दोनदा, थांबून आणखी एकदा. ही सवय मला आहे हेही मला ठाऊक नव्हतं. ठक ठक. ठक. दोनदा ऐकलं, तेव्हा कळलं की हा माझाच आवाज.

त्या वेळी आई माझ्यासमोर उसवलेली उशी शिवत होती. बाबा पेपर वाचत होते. मी मोजलं: एक, दोन, तीन. तिघंही बाहेर.

उठून पडदा सारला. रिकामं. पळी भांड्यात, हलकेच डोलत होती.

आता माणूस काय म्हणेल? शेजारचा आवाज भिंतीतून येत असेल. वाफेनं पळी हलली असेल. दिवसभर काच घासायच्या चाकाची घरघर ऐकून कान वाजत असतील. मी असली सात-आठ कारणं शोधली, आणि सगळी एकमेकांना चिकटवून वापरली.

साडेसातला आई उठली, पडद्यापाशी गेली, दोन्ही हात आत घातले आणि ताट घेऊन वळली. पुन्हा गेली, दुसरं ताट. मग तिसरं. ती एकदाही आत शिरली नाही. हात कोपरापर्यंत पडद्याआड जायचे आणि भरून यायचे.

"खा गरम गरम," आई मला म्हणाली. "आणखी वाढू का रे?"

मी दोनदा वाढून घेतलं.

४

तरी मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. मुलीचं कर्तव्य म्हणा. शनिवारी सकाळी, दोघांनाही. म्हातारपणी विसर पडतो, माणसं उलटसुलट होतात, हे मला कळतं.

डॉक्टर तरुण होता, बोलायला चांगला. समोर छापील कागद होता, त्यावर बघून प्रश्न विचारायचा आणि पेननं खूण करायचा. आज वार कोणता? शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून पुन्हा सात. तीन वस्तू सांगतो, लक्षात ठेवा. आईनं पटापट उत्तरं दिली. बाबांनी तर डॉक्टरच्याच भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे असल्याचं दाखवून दिलं.

"मुलं किती?" डॉक्टरनं आईला विचारलं.

"दोन. एक मुलगा, एक मुलगी."

"कुठे असतात?"

"मुलगा हा काय, शेजारी बसलाय. मुलगी घरी आहे. स्वयंपाक करतेय."

डॉक्टरनं कागदावर खूण केली. बरोबरची. मग वर पाहिलं, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "उत्तम. काही काळजी नको."

मी बोलायला तोंड उघडलं होतं. "डॉक्टर, मी मुलगी आहे," एवढंच म्हणायचं होतं. पण आईचा हात माझ्या हातावर होता. ती तो थोपटत होती. शेवटचा असा कधी थोपटला होता, मला आठवेना. म्हटलं, घरी गेल्यावर बघू.

घराचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यापासूनच भाजलेल्या बटाट्यांचा खरपूस वास आला. दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्याकडे होती.

५

पुढचे दोन महिने फार सुखाचे गेले. भीती वाटत नव्हती का, तर वाटायची. पण भीती रोज सहा ते साडेसात वाटायची, आणि सुख दिवसभर असायचं.

बाबा माझ्याशी बोलायला लागले. आधी बोलायचे नाहीत असं नाही, "चहा" म्हणायचे, "चष्मा" म्हणायचे. आता विचारायला लागले. इमारतीच्या भिंतींना ओल आलीय, वरून लेप द्यावा की आतून, "तुला काय वाटतं?" मी सांगितलं, आधी गच्चीची भेग बुजवा, पाणी तिथून उतरतंय. बाबा पूर्ण ऐकून घेत होते. मध्ये बोलले नाहीत, पेपर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या मुलाचं म्हणणं आहे की भेग गच्चीत आहे." शेजाऱ्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. म्हणाला, "बरोबर आहे."

दुकानदारकाका म्हणाले, "काय गं, गाल वर आलेत तुझे. हल्ली गुणगुणतेस काय काचा घासताना!" साय खाऊन आणखी काय होणार?

आत जाऊन बघणं मी हळूहळू सोडून दिलं. मी गेले की तिथे कुणी नसायचंच, मग उगाच कशाला उठा. फक्त एकदा, पेपराचं पान खाली पडलं म्हणून वाकले, तर पडद्याखालच्या वीतभर फटीतून एक टाच दिसली. एकच. दुसरा पाय वर घेऊन ती पहिल्या पायाच्या पोटरीवर घासत होती. फार वेळ उभं राहिलं की पायात गोळे येतात, मग असं करावं लागतं. टाचेला भेगा होत्या. मी पान उचललं आणि वाचायला लागले. काय वाचलं देव जाणे.

आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला जरा जड जातंय. एक दिवस भाजीत मीठ कमी होतं. बाबा म्हणाले, "हिचं लक्ष कुठे असतं?" आणि मीही मोठ्यानं म्हणाले, "हो ना. रोजचंच झालंय."

आत चाललेला आवाज थांबला. पाणी बंद झालं. आम्ही तिघं जेवत राहिलो. बऱ्याच वेळानं नळानं पुन्हा हुंकार दिला.

६

बाळ दर रविवारी फोन करायचा. मी त्याला थट्टेत सांगून टाकलं होतं, "अरे, आता घरातला बाळ मीच आहे. तुझी खुर्चीही गेली." तो खो खो हसला. मग म्हणाला, "आई फोनवर जरा तुटक बोलते हल्ली. बघू, येऊन जातो."

शनिवारी सकाळी अकराला आला. मला सुट्टी होती, मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. दार आईनं उघडलं.

"या," आई म्हणाली. "बसा ना. प्रवासात त्रास नाही ना झाला?"

बाळला वाटलं गंमत चाललीय. त्यानं आईला मिठी मारली. आई ती मिठी संपायची वाट बघत उभी राहिली, पाहुण्यानं जास्त सलगी केली की उभं राहतात तशी. बाबा उठले, त्याच्याशी हात मिळवला आणि विचारलं, "किती दिवस मुक्काम?"

बाळ हसत होता, पण कुठे बसावं ते त्याला कळेना. शेवटी भिंतीकडच्या बिनहातांच्या खुर्चीत टेकला. "ताई, काय चाललंय हे? आई मला अहोजाहो करतेय." त्याच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. मला ते ओळखीचं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, पोटात जरा गोड वाटलं.

"पाणी तरी पितो," म्हणून तो उठला.

"ती आणेल की," बाबा म्हणाले.

"कोण?" म्हणत बाळ पडदा सारून आत गेला.

"अरेच्चा, ताई, तू इथे कधी..." त्याचा आवाज ऐकू आला, अगदी सहज. मग तो थांबला. मी खुर्चीचे हात धरले. आत कुणीतरी हळू आवाजात काहीतरी विचारलं, दोन-तीन शब्द. मग ठक ठक. ठक.

बाळ बाहेर आला तो उलट्या पावली. हातातला पेला रिकामाच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"चपला घाल," तो म्हणाला. "आपण खाली जाऊ."

७

जिन्यात तो पायरीवर बसला. साठ माणसांवर ओरडणारा माणूस, पेला गुडघ्यावर आपटत होता.

"तुझी पाठ होती ताई. तो तुझा हिरवा गाऊन नव्हता का, बाहीला जळका डाग असलेला?"

"तो मी गेल्या वर्षीच टाकून दिला."

"तोच होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही. म्हणाली, जेवलास का? तुझ्या आवाजात. मी घरात पाऊल टाकलं की तू पहिलं तेच विचारायचीस. मला आत्ता आठवलं. मी तुला कधी विचारलं होतं का गं?"

"नाही," मी म्हणाले. रागानं नाही, खरं तेच सांगितलं.

"माझ्याकडे चल. आत्ताच्या आत्ता. कामाचं बघू नंतर. तिकडे वरची खोली रिकामी आहे, तुझी वहिनी काही म्हणणार नाही."

"आणि तिथे मी काय करू?"

"काय करू म्हणजे? राहा. वहिनीला जरा मदतही..." त्याचं त्यालाच ऐकू आलं.

मला त्याची दया आली. मी त्याच्या टकलावरून हात फिरवला. "अरे, मला इथे बरं आहे. बाबा माझं ऐकतात. आई वाढते. असं मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. ते सोडून कुठे जाऊ?"

"पण ती कोण आहे?"

"त्रास देत नाही कुणाला," मी म्हणाले.

तो दुपारच्याच गाडीनं गेला. वर परत आलाच नाही. त्याची बॅग मी खाली नेऊन दिली. खिडकीतून पाहिलं तर फुलवाल्याच्या कोपऱ्यावर तो उभा होता, माझ्या शेजारच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत. मग त्यानं हात वर केला. मी इकडून हात हलवला, पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

८

त्याच दुपारी. जेवणं झाली होती. आई आणि बाबा बसल्या जागी पेंगत होते. ऊन माझ्या पायांपर्यंत आलं होतं, छान ऊब होती. मी पेपर धरून बसले होते.

आत भांडी घासून झाली. नळ बंद झाला. ओट्यावरून फडका फिरला. मग पावलं पडद्यापर्यंत आली आणि थांबली.

पडद्याखालच्या फटीत दोन पाय दिसत होते. ओले. बोटं आमच्याकडे वळलेली.

मी वाट पाहिली. ते हलेनात.

तिला काय हवंय हे जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, मला कळत होतं. बारा-तेरा वर्षांची असताना मी अशीच येऊन थांबायची. आतलं सगळं आवरलेलं असायचं. बाहेर तिघांच्या गप्पा रंगलेल्या, बाळच्या कशावर तरी हसणं चाललेलं. बाहेर यायला मला कुणी मनाई केली नव्हती. पण कुणीतरी एकदा म्हणावं, ये गं, बस. मी मनात शंभरपर्यंत मोजायची. मग आत काहीतरी राहिल्यासारखं करून मागे फिरायची.

आता ती मोजत असणार. मीही मोजायला लागले. खोलीत एक खुर्ची रिकामी होती, बाळ बसला होता ती. तीन शब्द म्हणायचे होते. ते माझ्या जिभेवर आलेही.

मग मनात आलं, ती येऊन बसेल. आई जागी होईल, डोळे चोळेल आणि दोघींकडे बघेल. मग दोघींपैकी एकीला आत जावं लागेल. कुणी जायचं, ते आई ठरवणार.

माझे अठ्ठ्याण्णव झाले. नव्याण्णव.

"पाणी आण गं," मी म्हणाले.

पाय थोडा वेळ तसेच राहिले. मग वळले. नळानं हुंकार दिला.

माझी खुर्ची पडद्यापासून चार पावलं लांब आहे. मी उठले नाही. डोळे पेपरावरच ठेवले आणि नुसता हात पुढे केला. पेला माझ्या हातात आला. त्याला धरलेली बोटं गार होती आणि पाण्यात राहून सुरकुतलेली. ती लगेच सुटली नाहीत.

मी मान वर केली नाही. बोटं सुटली. पाणी छान थंड होतं, मी सगळं प्यायले.